हप्ता, तगादा आणि सुगी

विमा, हप्ता, बाकी, मुदत, वसुली, तगादा. आजारपणाच्या विम्याबद्दल बोलायला बसले की हे सहा शब्द टाळता येत नाहीत. हे सहाही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. 'हप्ता' म्हणजे मुळात सात दिवसांचा आठवडा. आठवड्याला फेडायची रक्कम ती हप्ता, असे म्हणता म्हणता महिन्याची आणि वर्षाची रक्कमही हप्ताच झाली. आमच्या घरातली वडीलधारी माणसे 'तकादा' म्हणत, गावातली 'तगादा' म्हणत. दोघांच्याही कपाळावरची आठी मात्र एकच असे. 'थकबाकी' हा तर जोडशब्द आहे. त्यातले 'थकणे' मराठी आणि 'बाकी' अरबी. बाकी थकते म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती असते त्यालाच कळते.

आता हा तगादा मोबाईलवर येतो. 'आपल्या आरोग्य विम्याचा हप्ता देय आहे', मग 'मुदत संपण्यास सात दिवस', मग 'शेवटची संधी'. बहुधा इंग्रजीत येतो आणि कोल्हारसारख्या गावात बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात येतो. हप्ता थकला की आपण दोनच कारणे देतो. एक तर माणूस निष्काळजी, नाहीतर गरीब. इतिहास चाळला तर तिसरे कारण दिसते आणि तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. पैसे मागणाऱ्याचे पंचांग वेगळे असते आणि पैसे देणाऱ्याचे वेगळे. ही दोन पंचांगे जिथे जुळली तिथे तगाद्याची गरज फारशी पडली नाही. जिथे जुळली नाहीत तिथे कर्ज झाले, जप्ती आली, कधी दंगाही झाला.

आपल्या गावगाड्यापासूनच सुरुवात करू. बलुत्याची पद्धत आपल्याला पुस्तकांतून माहीत आहे, काही घरांना अनुभवानेही माहीत आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, मुलाणी अशी माणसे वर्षभर गावाचे काम करत आणि मोबदला मिळे तो सुगीत, खळ्यावर. धान्याची रास पडली की आधी बलुतेदारांचे माप निघायचे. आजारपणाची पुष्कळशी कामेही याच व्यवहारात बसलेली होती. गळू कापणे, जखम बांधणे ही कामे अनेक गावांत न्हाव्याकडे असत. बाळंतपणासाठी सुईण येई, तिला धान्य, लुगडे, नारळ मिळे. याला कुणी विमा म्हणत नव्हते. पण व्यवहाराचा सांगाडा विम्याचाच होता. वर्षातून एकदा द्यायचे आणि गरज पडेल तेव्हा सेवा घ्यायची. या व्यवहारात स्मरणपत्र नव्हते, कारण देण्याचा दिवस आणि धान्य घरात येण्याचा दिवस एकच होता.

म्हणून बलुत्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या मापात जातीचा हिशेब होता. कुणाला किती, कोणत्या हाताने आणि किती अंतरावरून, हे सगळे ठरलेले होते. महार वतनाच्या नावाखाली जे राबवून घेतले जात होते त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये आला. तेव्हा ती व्यवस्था गेली हे चांगलेच झाले. तिच्यातली एकच गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे सुगीला मागणे.

इंग्रजांच्या राज्यात सारा रोख झाला आणि ठरल्या तारखांना द्यावा लागू लागला. पावसाची तारीख सरकारला विचारून येत नसे, पण साऱ्याची तारीख पावसाला विचारत नसे. पीक विकून पैसा हाती येण्याआधी किस्तीचा दिवस आला की कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाई. सावकार सारा भरून टाकी आणि कागदावर अंगठा घेई. त्या कागदांचा डोंगर वाढत गेला आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात भडका उडाला. तो आपल्या नगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते ओढून काढायची आणि जाळायची. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांसाठी होता.

या कायद्यातल्या दोन गोष्टी आजच्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत. एक, न्यायालयाला कर्जाचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. दुसरी, शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा आणि वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. म्हणजे ज्याच्याकडे बाकी आहे त्यालाही काही विचारता येते, हे आपल्या जिल्ह्यात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने मान्य झाले. आज विम्याचा निरोप आला की आपण घाबरतो, पण किती, कशाचे आणि कोणत्या कलमाखाली हे लेखी मागत नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीने हा हक्क फुकट मिळवलेला नाही.

आजारपणासाठी सक्तीचा विमा देशभर लावण्याचा पहिला मोठा प्रयोग जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये झाला. त्याची मेख वसुलीत होती. कामगाराने दोन तृतीयांश द्यायचे, मालकाने एक तृतीयांश, आणि कामगाराचा वाटा मजुरीतूनच कापून घ्यायचा. पैसा हाती पडण्याआधीच हप्ता गेलेला असे. ब्रिटनने १९११ च्या कायद्यात तिकिटांची युक्ती काढली. कामगाराचे चार पेनी, मालकाचे तीन, सरकारचे दोन, आणि कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचे. ज्याला काम होते त्याचे कार्ड भरत गेले. १९२० च्या दशकात बेकारी वाढली तेव्हा लाखोंची कार्डे कोरी राहू लागली, म्हणजेच थकबाकी झाली. तेव्हा बेकारांचा विमा तुटू नये म्हणून संसदेला मुदत वाढवून देणारे खास कायदे करावे लागले. काम नाही म्हणून हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून औषध नाही, हा हिशेब चालणार नाही एवढे तिथल्या सरकारला पटले.

आपल्याकडे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगारांची बोली तिला 'ईएसआय' म्हणते. इथेही पगारातून कपात होती. शिवाय एक माणुसकीची तरतूद होती. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ अडला, तर महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि पैसे मालकाकडून वसूल करावेत. तगादा कुणाच्या दारात जावा हे या कायद्याने नीट ओळखले होते.

पण त्याच कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते आणि त्या यादीत साखर आणि गूळ होते. आपल्या भागाच्या दृष्टीने ही एका ओळीची वगळणूक फार मोठी ठरली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि कोल्हार, लोणी, राहुरीचा पट्टा उसाचा झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना कोल्हारपासून हाकेच्या अंतरावर उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. इतका मोठा उद्योग दारात आला. मात्र पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी आजारविम्याची आखणी पुण्या-मुंबईच्या बारमाही कारखान्यांसाठी होती. ऊस पिकवणारा तिच्यात नव्हता आणि पाथर्डी-बीडकडून उचल घेऊन येणारा ऊसतोड मजूर तर तिच्या आसपासही नव्हता.

सहकाराने मात्र स्वतःची एक वसुली बसवली. सोसायटीचे पीककर्ज कारखाना ऊसबिलातून परस्पर कापून घेई. भागभांडवल आणि ठेवीही बिलातूनच कापल्या जात. शेतकरी कुरकुर करी, कपातींचा तपशील मागे, वार्षिक सभेत आवाज चढे. पण पैसा आला त्या दिवशीच कापला गेल्याने कर्ज फिटे. हे सुगीचेच तत्त्व होते, फक्त खळ्याच्या जागी वजनकाटा आला होता. याच प्रवरा परिसरात १९७० च्या दशकात लोणीला मोठे ग्रामीण रुग्णालयही उभे राहिले.

सुगी आणि आजारविमा यांची उघडउघड गाठ महाराष्ट्रात बांधली गेली ती विदर्भात, सेवाग्रामला. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाभोवती १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथले डॉक्टर उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. त्यांच्या लक्षात आले की गावकऱ्याकडे वर्षभर पैसा नसतो, पण ज्वारी काढल्यावर ज्वारी असते. मग हप्ताच ज्वारीत ठेवला. भूमिहीनाने कमी द्यायची, जमीनवाल्याने जमिनीच्या प्रमाणात जास्त द्यायची. गावातली किमान ७५ टक्के घरे सामील झाली तरच योजना त्या गावात चालायची. सामील घराला अचानक आलेल्या आजारात रुग्णालयात मोफत उपचार मिळत. ज्याची आधीपासून कल्पना असते अशा बाळंतपणाला किंवा मोतीबिंदूला सवलत मिळे. लोक तिला 'ज्वारीचा विमा' म्हणूनच ओळखत.

या योजनेत स्मरणपत्राचे काम ग्रामसभा करत असे. कुणाची ज्वारी आली, कुणाची राहिली, हे गावासमोर ठरे. यात थोडी शरमही होती हे खरे. पण एखाद्याचे पीक बुडाले असेल तर तेही गावासमोरच दिसे. दूरच्या कार्यालयातल्या संगणकाला तारीख चुकलेली दिसते, पीक बुडालेले दिसत नाही.

आणखी दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. अहमदाबादच्या 'सेवा' या असंघटित कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने १९९२ मध्ये आपल्या सभासदांसाठी विमा सुरू केला. बाईला एकदाच ठरावीक रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याची सोय होती. त्या ठेवीच्या व्याजातून दरवर्षीचा हप्ता आपोआप भरला जाई. भाजी विकणारी, विड्या वळणारी बाई वर्षाची तारीख विसरली तरी तिचा विमा तुटत नसे. दुसरा प्रयोग शेजारच्या कर्नाटकातला. डॉक्टर देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून आलेली 'यशस्विनी' योजना २००३ मध्ये सुरू झाली. माणशी वर्षाला साठ रुपये, आणि ते गोळा करायचे सहकारी संस्थांनी. पहिल्याच वर्षी सोळा लाखांच्या आसपास सभासद झाले. पुढे हप्ता दुप्पट झाला तेव्हा सभासद घटले. मधली काही वर्षे बंद राहून ती योजना पुन्हा सुरू झाली. सोसायटीच्या दारात पैसे घेतले तर खेड्यातला माणूस विमा उतरवतो, आणि हप्ता एकदम वाढवला तर तो मुकाट्याने बाहेर पडतो, असे दोन्ही धडे तिने दिले.

या सगळ्याच्या शेजारून दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो आपल्या आजच्या मोबाईलपर्यंत आला. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' बाजारात आणला. १९९९ च्या विमा नियामक कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि बघता बघता एजंट तालुक्याच्या गावी, मग कोल्हारच्या स्टँडवरही आले. या विम्याचा पाया म्हणजे १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ मध्ये घातलेले कलम ६४ व्हीबी. त्याचा साधा अर्थ असा की आधी पैसे, मग जोखीम. कंपनीच्या हाती हप्ता पडल्याशिवाय तिची जबाबदारी सुरू होत नाही. नियम समजण्यासारखा आहे. पण तो सुगी ओळखत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे उदाहरण देतो. थोडी शेती, दोन गायी, एक छोटे दुकान. सहा वर्षे त्यांनी कुटुंबाचा आरोग्य विमा इमाने चालवला. पॉलिसी उतरवली होती जूनमध्ये, कारण एजंट जूनमध्ये भेटला होता. जून म्हणजे बियाणे, खते, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा महिना. एका वर्षी कांद्याने दगा दिला. कंपनीचे निरोप इंग्रजीत आणि मुलाच्या जुन्या नंबरवर जात राहिले. पैसे जमले ते ऑगस्टमध्ये. सवलतीची मुदत उलटून गेली होती. कंपनीने पैसे घेतले, पण नवी पॉलिसी म्हणून. त्यांचा मधुमेह जुना होता. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली गेली. त्याच हिवाळ्यात पायाची जखम चिघळली, रुग्णालयात राहावे लागले आणि दावा नाकारला गेला. दोन्ही गायी विकल्या. सहा वर्षांचे हप्ते आणि काही दिवसांचा उशीर यांच्यात उशिराचे पारडे जड ठरले.

म्हणून या मुदतीचे गणित नीट समजून घ्यावे. वर्षाच्या हप्त्याला साधारण तीस दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला पंधरा दिवसांची. सवलतीच्या काळात पैसे भरले तर पॉलिसीचे सातत्य टिकते, जुन्या आजारांची मोजलेली वर्षे वाया जात नाहीत. मात्र वार्षिक हप्ता असेल तर मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत आलेल्या आजाराला संरक्षण मिळत नाही. हप्ते पाडून घेतले असतील तर नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सवलतीच्या काळातही संरक्षण चालू राहते. याच नियमांनी जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण पुढे करून दावा नाकारता येत नाही. ही सगळी कमाई सातत्याची आहे. ती एका चुकलेल्या महिन्यात जाते.

आता दुसऱ्या बाजूचे घड्याळ पाहा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे, असे तो सांगतो. हे व्याज पदरात पडावे म्हणून शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली, न्यायालयात जावे लागले, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. शेतकऱ्याची येणी महिनोन्महिने थकू शकतात, त्याची देणी मात्र एकतिसाव्या दिवशी मेलेली असतात. विम्याच्या थकबाकीबद्दल त्याला बोल लावण्याआधी ही दोन घड्याळे शेजारी ठेवायला हवीत.

सरकारने यातून एक वाट काढली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. यात कुटुंबाने हप्ता भरायचा नसतो, त्यामुळे तगादा नाही. पण बाकी नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. योजनेकडून बिले वेळेवर येत नाहीत अशी रुग्णालयांची तक्रार असते, आणि त्याची झळ कधी कधी पेशंटलाच खाट मिळवताना लागते. शिवाय योजनेत न बसणारे आजार आणि योजनेत नसलेली रुग्णालये आहेतच. त्यामुळे पुष्कळ घरांना स्वतःचाही विमा लागतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, एवढा दिलासा आहे.

मग करायचे काय? आपल्या भागातल्या घरात एक पैसा मात्र ठरल्या दिवशी येतो, दुधाचा. दहा दिवसांनी येणाऱ्या त्या पैशाला आपण 'दुधाचा पगार' म्हणतो. कंपनी महिन्याचे किंवा तिमाहीचे हप्ते देत असेल तर ते घ्यावेत आणि या पगाराला जोडावेत. पॉलिसी नव्याने उतरवत असाल तर एजंट कधी भेटला हे न पाहता, घरात पैसा कधी येतो ते पाहून महिना निवडावा. मोबाईल नंबर बदलला तर कंपनीला लेखी कळवावे आणि पोच ठेवावी. निरोप आला तर त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नये, पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर विचारावे, कारण विम्याच्या नावाने लुबाडणारेही तगादाच लावतात. पैसे कमी पडत असतील तर विम्याची रक्कम घटवून सातत्य टिकवता येते का, हे मुदतीच्या आत विचारावे. आणि पावती जपून ठेवावी.

हे झाले घरापुरते. दूध संस्था, सोसायट्या आणि पतसंस्था यांनी मनावर घेतले तर आणखी पुष्कळ होऊ शकते. सभासदाच्या लेखी संमतीने दुधाच्या पगारातून महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायची, वर्षाचा हप्ता मुदतीच्या आधी भरायचा आणि हिशेब फळ्यावर लावायचा. हिशेब मागण्याचा हक्क तर या जिल्ह्याला १८७९ पासून आहे. ज्यांच्याकडे दररोज सकाळ-संध्याकाळ मापात दूध पडते आणि ज्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आकडा असतो, त्यांच्यासाठी हे काम फार अवघड नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय जरूर घालावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)